भुसा घरच्या बाईनं उचलायचा

परवा वाटूरला गेले तेव्हा भाच्यानं दुकानात अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, मोठा फोटो लावलेला दिसला. फोटोला हार, आणि त्याच्या खाली जुना पत्र्याचा पंखा, नव्यानं हिरवा रंग देऊन देवासारखा मांडलेला. आलेल्या गिऱ्हाइकाला भाचा सांगत होता, "हा आमच्या आजोबानं बसवल्ता. खरादाचा भुसा ओढून घेनारं मशीन ह्या भागात पहिलं आमचंच." गिऱ्हाईक कौतुकानं मान डोलावत होतं. मी खुर्चीवर बसून चहा पीत होते. साठी उलटलेल्या आत्यानं भरल्या दुकानात तोंड उघडून भांडण काढू नये एवढी अक्कल मला आहे, म्हणून गप्प बसले. पण तो चहा काही मला गोड लागला नाही. तो पंखा का बसला, हे त्या पोराला कुणीच सांगितलेलं नाही. ज्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं त्यांतली मी एकटीच उरले आहे, तेव्हा आता लिहूनच ठेवते.

अण्णांच्या वाट्याची जमीन चुलत्याकडे होती, आणि अण्णांचा जीव मुळात मातीत नव्हताच. तरुणपणी ते जालन्याला एका उस्तादांकडे राहून लाकूड खरादायचं काम शिकले आणि वाटूरला फाट्याजवळ रस्त्याला लागून जागा धरली. पुढं दुकान, मधे एक अंधारी खोली आणि मागं आम्ही राहत होतो ते घर. दुकानात मोटारीवर चालणारा खराद. लाकडाचा ठोकळा दोन टोकांत अडकवायचा, पट्टा सुरू करायचा आणि फिरत्या लाकडाला पटाशी लावायची, की बघता बघता ठोकळ्यातून पलंगाचा पाय बाहेर यायचा. लाटणी, रव्या, पाळण्याचे खांब, पोरांचे भोवरे, सगळं त्याच एका मशीनवर. लाइट आली की खराद सुरू, गेली की बंद, त्यामुळे आमच्या घराचं घड्याळ म्हणजे ती घरघर. शिसवाचा वास तिखट, कडुलिंबाचा कडवट, सागवानाचा तेलकट. शाळेतून येताना आज कोणतं लाकूड लागलंय ते मी दुकानाच्या अलीकडूनच ओळखायची. अण्णांचा हात खरोखर चांगला होता, ते नाकारण्यात मला काही मिळवायचं नाही. परतूरहून लोक पाळण्यासाठी आमच्याकडे यायचे.

अण्णा रस्त्याकडे पाठ करून उभे राहत. रस्त्याचा वारा त्यांच्या पाठीवर येई आणि उडालेली धूळ पुढं ढकलत सरळ मधल्या खोलीत नेई. ढलप्या त्यांच्या पायाशी पडत, पण बारीक भुसा त्या खोलीत जाऊन बसे. आता आमच्या घरात एक नियम होता, आणि तो नियम अण्णा उस्तादांचं नाव घेऊन सांगत. खरादाचा भुसा ही लक्ष्मी, ती दिवेलागणीच्या आत उचलायची, पायाखाली येऊ द्यायची नाही, आणि उचलायची ती घरच्या बाईनं. घरच्या बाया दोन होत्या. एक माझी माय आणि दुसरी आत्याबाई, म्हणजे अण्णांची मोठी बहीण, जी नवरा गेल्यावर आमच्याकडं राहायला आली आणि चार महिन्यांत घराची मालकीण झाली. लक्ष्मी उचलायची पाळी आली की आत्याबाईंचे गुडघे दुखायचे.

माय रोज उन्हं कलली की केरसुणी घेऊन दुकानात जायची. ढलप्या आणि भुसा टोपल्यात भरून मधल्या खोलीत आणायची आणि तिथं चाळणीनं चाळायची. जाड माल आमच्या शेगडीला, बारीक पोत्यात. ते पोतं फाट्यावरचे गॅरेजवाले सांडलेलं ऑइल टिपायला घेऊन जात. चाळताना दोन्ही दारं बंद करावी लागत, कारण दुकानात पॉलिश केलेले पाय वाळत टांगलेले असत, आणि त्यावर एक कण जरी बसला तरी अण्णा घर डोक्यावर घेत. त्या खोलीला खिडकी नव्हती. माय अर्धा-पाऊण तासानं बाहेर यायची तेव्हा तिच्या पापण्या, भुवया, कपाळावरचं कुंकू, सगळं एका रंगाचं झालेलं असायचं. मी लहान असताना तिला बघून हसायची, आणि तीही हसायची. पॉलिशवर धूळ नको म्हणून एवढी काळजी घेणाऱ्या घराला बाईच्या नाकातोंडात ती जाते हे दिसत नव्हतं, असं आज कुणी म्हणालं तर मी ऐकून घेणार नाही. दिसत होतं. मलाही दिसत होतं.

भुशाची शेगडी आता कुणाला माहीत नसेल. गोल पत्र्याचं भांडं, खाली बाजूला एक भोक. मधोमध एक लाकडी दांडा उभा करायचा, भोकातून दुसरा आडवा घालायचा, आणि भोवती भुसा ओतून मुठीनं ठोकून ठोकून गच्च बसवायचा. मग दोन्ही दांडे फिरवत अलगद बाहेर काढले की भुशात नळीसारखी वाट राहते. खालून काडी लावली की आतून लाल होत जातं आणि तासन् तास एका लयीत जळतं. सैल ठोकली तर ढासळते, बारीक भुसा जास्त झाला तर नुसता धूर. मायची शेगडी कधी ढासळली नाही. तिच्यावरची तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या यांची चव मला पुढं कुठल्याच गॅसवर सापडली नाही.

मी नववीत असताना मायला खोकला लागला. आधी संध्याकाळी, मग सकाळीही, मग बोलता बोलता. गावातल्या दवाखान्यात नेलं तर तिथला डॉक्टर म्हणाला, छाती खराब आहे, जपा. एवढ्यावर आत्याबाईंनी टीबीचं निदान करून टाकलं. त्यांच्या सासरी कुणीतरी खोकून खोकून गेलं होतं, त्यामुळे त्यांना सगळं कळत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक अॅल्युमिनियमचं ताट आणि एक पेला बाजूला काढला, ताटाच्या काठाला भोक पाडलं आणि मधल्या खोलीच्या दाराशी खिळ्याला अडकवलं. "हे तुझं. घासायचं बी तूच, इकडच्या भांड्यात मिसळू नको," एवढंच बोलल्या. स्वयंपाकघर बंद. पीठ मळायचं नाही, पाण्याच्या माठाला हात लावायचा नाही, पोरांना जवळ घ्यायचं नाही. अण्णा तिथंच बसले होते. त्यांनी पानाला चुना लावला आणि पान खाल्लं.

एक गोष्ट मात्र बंद झाली नाही. भुसा मायच उचलत राहिली आणि शेगडी मायच भरत राहिली.

मधे मामा आले आणि तिला शहागडजवळ माहेरी घेऊन गेले. गोदावरीच्या काठचं गाव, मोकळी हवा. पंधरा दिवसांत तिचा खोकला निम्मा झाला, महिन्यात गेला. मामानं तिला परत आणून सोडलं तेव्हा तिच्या गालावर रंग आला होता. ती नव्हती तोवर भुसा मी उचलत होते, कारण आत्याबाईंचे गुडघे. रोज रात्री माझ्या नाकातून विटकरी रंगाचं पाणी यायचं आणि घसा कुसळ अडकल्यासारखा टोचायचा. माय आली, तिनं माझ्या हातून केरसुणी घेतली, आणि आठव्या दिवशी खोकायला लागली. मी घरात सांगितलं की हे भुशामुळं होतंय. आत्याबाई म्हणाल्या, "चार बुकं शिकली तं डॉक्टरीन झाली व्हय गं? समदी दुनिया भुसा उचलती. तिलाच काहून खोकला येतो?" सगळी दुनिया भुसा उचलत नव्हती, माय उचलत होती. पण असली उत्तरं मला नेहमी नंतर सुचतात.

शेवटी मामांच्या तगाद्यानं अण्णा मायला छातीचा फोटो काढायला जालन्याला घेऊन गेले आणि सोबत मलाही नेलं. दवाखान्यातल्या डॉक्टरनं फोटो उजेडाला धरून बघितला, थुंकीचा कागद वाचला आणि सांगितलं की टीबी नाही. "धुळीत काम करतात का या? धुळीपासून लांब ठेवा." मी अण्णांच्या शेजारी उभी होते. अण्णा "बराबर, बराबर" म्हणाले आणि फोटोचं पाकीट काखेत मारून बाहेर आले. त्यांना मशीनचा पट्टा घ्यायचा होता, म्हणून आम्हा दोघींना उस्तादांच्या दुकानात बसवून ते बाजारात गेले.

उस्ताद तेव्हा सत्तरीचे असतील. आम्हाला चहा सांगून ते उठले, उपरणं पाण्यात बुडवून पिळलं आणि नाकातोंडावर बांधलं. दुकानाची दोन्ही दारं सताड उघडली, जमिनीवर पाण्याचा सपका मारला आणि स्वतः झाडायला लागले. मी बघतच राहिले. विचारलं, "उस्ताद, तुमी सोता काहून उचलता? भुसा तं घरच्या बाईनं उचलायचा अस्तो ना?"

त्यांनी तोंडावरचं उपरणं खाली ओढलं. "कौन बोल्या तेरे कू? मैं तेरे बाप कू इतनाच बोल्या था, आज का भुसा आज उठाव, पडा रह्या तो बिडी की चिंगारी से दुकान जलता. औरत का इसमें क्या काम?" मग मायला खोकला आला आणि त्यांनी तिच्याकडं नीट पाहिलं. "बाई, तुमी बंद खोलीत चाळता का?" मायनं मान हलवली. उस्तादांनी केरसुणी भिंतीला टेकवून ठेवली. "शिसम की बारीक धूल छाती में बैठती," एवढं म्हणाले. "मेरे उस्ताद उसी में गये."

आगीच्या भीतीनं सांगितलेली साधी कामाची गोष्ट. ती जालन्याहून वाटूरला येईपर्यंत लक्ष्मी झाली, दिवेलागण झाली आणि बाईच्या गळ्यात पडली. कुणी मुद्दाम केलं असेल असंही मी म्हणत नाही. अण्णांना झाडायचा कंटाळा, आत्याबाईंना देवाधर्माची हौस, दोन्ही मिळून नियम तयार झाला. परतताना एसटीत माय माझ्या कानाशी लागून म्हणाली, "उस्ताद काय म्हन्ले ते त्याहिला सांगू नको बाई. त्याहिला कमीपना वाटंल." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिनं शपथ घातली, म्हणून मी गप्प राहिले.

घरी आल्यावर अण्णांनी आत्याबाईंना सांगितलं, "डॉक्टर म्हन्ला टीबी न्हाई." आत्याबाई पोळी शेकत होत्या. "म्हन्ला असंल," त्या म्हणाल्या. "फोटोत थोडंच समदं दिसतं. घरात लेकरं हायेत. महिनाभर राहू दे ताट तिकडंच." अण्णांनी हात धुतले आणि जेवायला बसले. ज्या माणसाला डॉक्टरनं तोंडावर सांगितलं होतं, त्याला बहिणीपुढं दुसरं वाक्य काढता आलं नाही. तो महिना पुढं संपलाच नाही.

मग महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडं उभ्या लक्ष्म्या असत, दुसऱ्या दिवशी पुरणाचा नैवेद्य, सोळा भाज्या, आणि भावकीतली पंचवीस-तीस माणसं जेवायला. आदल्या दिवशी मायनं मुखवटे पुसायला घेतले तर आत्याबाईंनी ते तिच्या हातातून काढून घेतले. ज्या घरात ती सतरा वर्षं पुरण वाटत आली होती, तिथं ती दुसऱ्या दिवशी मागच्या पडवीत बसली होती आणि आत मात्र बाहेरच्या बायका पुरण वाटत होत्या. सकाळी तिनं दोन शेगड्या भरून दिल्या. दुपार उतरली, पुरणाचं दुसरं पातेलं शिजत होतं, कढी व्हायची होती, आणि शेगडी विझत आली. आदल्या दिवशी अण्णांनी एका पाळण्याचं काम घाईनं उरकलं होतं, त्याचा भुसा मधल्या खोलीत तसाच पडून होता. आत्याबाईंनी आतूनच हाक मारली, "अगं, शेगडी इझून राह्यली. जल्दी चाळून आन. आन् दिवेलागनीच्या आत खोली साफ कर, घरात लक्ष्म्या उभ्या हायेत."

माय उठली. पडवीच्या खांबाला धरून आधी खोकली, मग चाळणी घेतली. मी तिच्या हातातून ती चाळणी ओढून घेतली आणि दुकानात गेले. अण्णा पांढरं धोतर नेसून पाहुण्यांमध्ये बसले होते. मी चाळणी त्यांच्यासमोर ठेवली आणि तिथंच बसले.

"अण्णा, आज भुसा तुमी चाळा."

ते आधी हसले. पाहुणेही हसले. "जा, मायला सांग."

"मायचा हात पुरनाला चालत न्हाई. मंग शेगडीला कसा चालतो? त्याच शेगडीवर पुरन शिजून राह्यलं."

आता कुणी हसलं नाही. अण्णांचा चेहरा बदलला. "उठ, आत जा," ते हळू आवाजात म्हणाले. मी उठले नाही. मायची शपथ मोडायची नव्हती, पण मोडली. "उस्तादानं मला सांगितलं, औरत का इसमें क्या काम. ते सोता झाडतात, दारं उघडी टाकून. बाईनं उचलायचा हे तुमी लावलं मागं." उस्तादांचं नाव चारचौघांत निघाल्यावर त्यांना गप्प बसता येईना. त्यांनी चाळणी उचलली. "बघ, येवढं काय अस्तं त्यात," असं म्हणून ते तरातरा मधल्या खोलीत शिरले. दुकानाकडचं दार त्यांनी स्वतःच आतून लावून घेतलं, कारण पाळण्याचे खांब पॉलिश होऊन टांगले होते. मी त्यांच्या मागून खोलीतून घरात आले, घराकडचं दार बाहेरून ओढलं, आणि मी एकटीनं, कुणाच्या सांगण्यावरून नाही, कडी घातली.

याचा मला पश्चात्ताप होतो का, असं माझ्या मुलीनं एकदा विचारलं होतं. नाही होत.

आतून चाळणीचा आवाज यायला लागला, सर्र सर्र. थोड्या वेळानं खोकला. मग चाळणी थांबली आणि खोकलाच राहिला. दुकानाकडचं दार उघडलं तर धूळ पॉलिशवर बसेल, म्हणून त्यांनी घराकडच्याच दारावर थाप मारली. मी दाराला पाठ लावून उभी होते आणि हलले नाही. दुसऱ्या थापेला माय धावत आली. खोकत, धापा टाकत तिनं मला दंडाला धरून बाजूला ढकललं, कडी काढली आणि माझ्या गालावर एक ठेवून दिली. तिनं आयुष्यात मला मारलं ते एवढंच. अण्णा बाहेर आले. पांढरं धोतर, पापण्या, मिशा, सगळं शिसवाच्या रंगाचं. ते उंबऱ्यावर बसले आणि हातानंच पाणी मागितलं. दाराशी खिळ्याखाली मायचा पेला होता, तोच जवळ होता. तिनं तो भरला आणि त्यांच्या हातात दिला, आणि ते थापा ऐकून जमलेल्या सगळ्या भावकीसमोर घटाघटा पाणी प्याले. आत्याबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पेला कुणाचा ते त्यांनी पाहिलं, मी पाहिलं, आणि रिकामा झाल्यावर अण्णांनीही पाहिलं. एका बाईनं शेजारच्या घरून चार लाकडं आणली आणि कढी झाली. मायला मात्र आत कुणी बोलावलं नाही. पंगत उठल्यावर ती तिच्या ताटात जेवली.

चौथ्या दिवशी अण्णा जालन्याहून जुन्या कूलरचा पंखा घेऊन आले. मधल्या खोलीच्या मागच्या भिंतीला भगदाड पाडलं. तेलाचा डबा कापून खरादाच्या तोंडाशी पसरट नरसाळं केलं, त्याला पत्र्याची नळी, नळीच्या टोकाला पंखा, आणि पंख्याच्या पलीकडं भिंतीबाहेर तागाचं लांब पोतं बांधलं. खराद सुरू केला की पंखाही फिरे आणि धूळ उडायच्या आत पोत्यात जाऊन बसे. पोतं फुगून डोलायचं. खाली पडणाऱ्या ढलप्या ते स्वतः पाणी शिंपडून उचलायला लागले. हे सगळं त्यांनी केलं, खरं आहे. दिवाळीपर्यंत मायचा खोकला पुष्कळ कमी झाला, हेही खरं. लोक बघायला येत आणि म्हणत, अण्णांनी काय डोकं चालवलं. अण्णा खूश होऊन नळीचं माप सांगत. हे कशासाठी करावं लागलं, ते मात्र त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही, आणि मायला "चुकलो" असं एका शब्दानं म्हणाले नाहीत. ताट खिळ्यावरच राहिलं. काही वर्षांनी आत्याबाई गेल्या, तेव्हा मी मायला म्हटलं, आता तरी ते भंगारात टाक. ती म्हणाली, "राहू दे, मला आता हेच बरं वाटतं." मला तिचाही राग आला.

आणखी बऱ्याच वर्षांनी, मशीन भावानं हातात घेतल्यावर, अण्णांना खोकला लागला. उमेदीतल्या सगळ्या वर्षांची धूळ त्यांच्याही छातीत थोडी थोडी बसलीच होती. मी भेटायला गेले तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते आणि माय स्वयंपाक करत होती. ताटं घ्यायला मी उठले. माझ्या मनात काय आलं ते सांगायला मला लाज वाटत नाही. मी दाराजवळच्या खिळ्यावरचं ते अॅल्युमिनियमचं ताट काढलं, त्यात भाकरी आणि वरण वाढलं आणि अण्णांच्या पुढं ठेवलं. त्यांनी ते ओळखलं. तरी भाकरीला हात घातला.

मायनं चुलीवरून मान वर केली. ती उठली, त्यांच्या पुढचं ताट उचललं, त्यातलं सगळं स्टीलच्या ताटात काढून त्यांना दिलं, आणि खिळ्यावरचं ताट स्वतःकडं घेऊन त्यांच्या शेजारी जेवायला बसली.

"वेगळं काहून करून राह्यली गं," ती मला म्हणाली. "नुस्ता खोकला तं हाये."

अण्णांचा हात ताटात तसाच राहिला.